नशा उतरते, आठवण उतरत नाही

गोष्ट १९८९ सालची. गिरगावातल्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एका छोटीचा वाढदिवस होता. गॅलरीत सतरंज्या अंथरल्या होत्या, बशांमधून केक आणि वेफर्स फिरत होते आणि शेवटी प्रत्येक मुलाच्या हातावर एकेक चॉकलेट ठेवण्यात आले. समोरच्या खोलीतल्या काकूंचा धाकटा मुलगा कठड्याला टेकून उभा होता. वय तेवीस. व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून तो चार दिवसांपूर्वीच घरी परतला होता. चेहऱ्यावर तजेला आला होता, वजन वाढले होते आणि काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने सांगत होत्या. एका पोराने चॉकलेट तोंडात टाकले आणि त्याभोवतीचा चंदेरी कागद नखाने घासून सपाट केला. माझे लक्ष सहज कठड्याकडे गेले. काकूंच्या मुलाच्या कपाळावर घाम आला होता, नाक गळू लागले होते. हाताने पोट दाबून धरत तो 'जरा येतो' म्हणाला आणि जिना उतरून गेला.

त्या काळी मुंबईत ज्याला 'गर्द' म्हणत, ते ब्राऊन शुगर नावाचे अशुद्ध हेरॉईन अशाच चंदेरी कागदावर ठेवून, खालून काडी पेटवून ओढले जाई.

मी शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठले आणि मास्तरकीच केली. म्हटले, ''अरे, मनावर घेतलंस तर काय अवघड आहे?'' तो म्हणाला, ''दादा, मनावर घेतलंयच हो. पण तो कागद पाहिला आणि पोटातून कळच आली. मी काही ठरवलं नव्हतं.'' मला ती सबब वाटली. घरी परतल्यापासून नवव्या दिवशी तो गेला. नेहमीच्या अड्ड्यावर ओळखीचे भेटतील म्हणून तो दूरच्या एका रेल्वे यार्डात गेला होता आणि तिथेच तो सापडला. 'शेवटी नशेनंच घेतला,' असे चाळ म्हणाली. मीही तेच म्हणालो.

आज इतक्या वर्षांनी हे लिहायला बसलो, त्याला कारण वर्तमानपत्रातल्या बातम्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एका कारखान्यातून एमडी म्हणजे मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला. त्याआधी २०२३ मध्ये नाशिक आणि सोलापूरकडचे कारखाने गाजले. अशा बातम्या किलोत आणि कोटींत मोजल्या जातात. पकडलेला माल जाळला जातो, त्याचे छायाचित्र छापून येते आणि आपण पान उलटतो. पण ज्या घरात हा माल पोहोचून गेलेला असतो, त्या घरात निराळाच प्रश्न उभा असतो. शरीरातून विष निघून गेले, मुलगा तीन महिने कोरडा राहिला, त्याला स्वतःलाही सोडायचे आहे. मग तो परत का जातो?

प्रश्न थोड्यांचा नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार अफू, हेरॉईन किंवा अफूवर्गीय गोळ्या घेणारे लोक देशात सुमारे सव्वादोन कोटी आहेत आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाख लोकांना उपचारांची वा मदतीची गरज आहे. ७७ लाख माणसे म्हणजे तितकीच घरे, आणि त्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी 'मनावर घे' हे वाक्य उच्चारलेले असणार.

पहिली गोष्ट अशी, की काकूंच्या मुलाच्या कपाळावरचा घाम खरा होता. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन येथे १९३५ मध्ये व्यसनी कैद्यांसाठी आणि रुग्णांसाठी एक मोठे सरकारी रुग्णालय उघडण्यात आले. तिथे एब्रहॅम विकलर नावाचे डॉक्टर काम करीत. त्यांच्या असे ध्यानात आले, की महिनोन् महिने कोरडे राहिलेले रुग्णसुद्धा आपसात नशेचा विषय निघाला की जांभया देऊ लागतात, त्यांच्या डोळ्यांना पाणी येते, नाक गळते. ही सगळी नशा तुटल्याची लक्षणे, आणि तीही शरीरात नशेचा कण नसताना! विकलर यांनी १९४८ मध्ये मांडले, की ही लक्षणे शिकलेली आहेत. पावलोव्हच्या कुत्र्याच्या तोंडाला घंटा ऐकून लाळ सुटे, त्याच जातीचा हा प्रकार. वर्गात मी पावलोव्हचा कुत्रा किती वेळा शिकवला असेल! पण गॅलरीतल्या त्या चंदेरी कागदाशी त्याचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आले नाही.

आता हा धडा मेंदूत गिरवला कसा जातो, ते पाहू. वेदना शमवण्यासाठी आणि जिवाला बरे वाटावे म्हणून आपला मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये थोडी थोडी तयार करतो. ती द्रव्ये ज्या कुलपांत बसतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. अफूची ही कुलपे मेंदूत आहेत, हे १९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिले. मेंदूची स्वतःची किल्ली दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना सापडली. हेरॉईन वा मॉर्फिन म्हणजे याच कुलपात फिरणारी बनावट किल्ली. फक्त ती फार जोराने फिरते.

मेंदूच्या खोल भागात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो डोपामिन नावाचे द्रव्य तयार करून पुढच्या भागांकडे पाठवतो. एरवी शेजारच्या काही पेशी या पुंजक्यावर ब्रेक लावून बसलेल्या असतात. अफूवर्गीय द्रव्ये हा ब्रेकच सैल करतात आणि डोपामिनचा लोंढा सुटतो. एमडीसारखी द्रव्ये निराळ्या वाटेने जातात, पण तेही डोपामिनलाच मोकळे सोडतात.

डोपामिन म्हणजे 'आनंदाचे रसायन' असे आपण मासिकांत वाचतो. ते अर्धेच खरे आहे. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन-पेशींची नोंद घेतली. अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी थरारून उठत. मग प्रत्येक वेळी रसाच्या आधी एक दिवा लावण्याची पद्धत ठेवली. काही दिवसांत माकड शिकले आणि चमत्कार झाला. पेशी आता रसाला नव्हे, तर दिव्याला प्रतिसाद देऊ लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या नेमक्या त्या क्षणी गप्प होत. म्हणजे डोपामिन हे सुखाचे मोजमाप नसून, 'अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले, हे लक्षात ठेव' असा मेंदूने मारलेला शेरा आहे. शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर वहीवरचा लाल शाईचा 'शाब्बास'.

रसाच्या बाबतीत हा शेरा शिकून झाल्यावर थांबतो, कारण मिळणारे अपेक्षेइतकेच असते. नशेच्या बाबतीत मात्र द्रव्यच थेट डोपामिन सोडते, त्यामुळे शंभराव्या वेळीही शेरा येतच राहतो. ज्या धड्यावर दररोज 'शाब्बास' मिळते, तो किती पक्का होईल? आणि त्या धड्यात फक्त द्रव्य नसते. चंदेरी कागद असतो, काडीपेटीचा वास असतो, गल्लीचे वळण असते, बरोबरचा मित्र असतो, संध्याकाळची वेळ असते.

म्हणूनच व्यसनी माणूस पुष्कळदा सांगतो, की आता त्यात मजा उरलेली नाही, तरी गेल्याशिवाय राहवत नाही. आपल्याला हे ढोंग वाटते. पण मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की एखादी गोष्ट आवडणे आणि तिची ओढ लागणे, ही मेंदूतली दोन वेगळी खाती आहेत. डोपामिन मुख्यतः ओढीचे खाते सांभाळते. आवड आटून गेल्यावरही ओढ वाढत राहू शकते. पार्किन्सनच्या काही रुग्णांना डोपामिनसारखे काम करणारी औषधे दिल्यावर उतारवयात अचानक जुगाराचा नाद लागल्याची उदाहरणे डॉक्टरांना माहीत आहेत. औषध कमी केले की नादही बहुधा ओसरतो. आता त्या आजोबांचे चारित्र्य गोळीसरशी बिघडले आणि गोळी कमी करताच सुधारले, असे म्हणायचे काय?

डोपामिनचीही स्वतःची कुलपे आहेत. ती पाच जातींची असून त्यांचे डी-१ आणि डी-२ असे दोन गट पडतात. १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी डी-२ कुलूप जन्मतःच नसलेले उंदीर घेतले. प्रयोगाची रीत साधी असते. दोन खोल्यांची पेटी घ्यायची, एका खोलीत उंदराला मॉर्फिन द्यायचे, दुसऱ्या खोलीत नुसते मिठाचे पाणी टोचायचे. आणि नंतर काहीही न देता तो आपणहून कुठे जाऊन बसतो, ते पाहायचे. साधा उंदीर मॉर्फिनच्या खोलीत जाऊन बसतो. त्या जागेची आठवणच त्याला ओढून नेते. डी-२ नसलेले उंदीर मात्र गेले नाहीत. अन्न मिळालेल्या खोलीची ओढ त्यांना लागत होती, मॉर्फिनच्या खोलीची लागली नाही. आणि मॉर्फिन तोडल्यावरचे शारीरिक हाल त्यांना इतर उंदरांसारखेच झाले. म्हणजे नशा तुटल्याचे हाल ही एक गोष्ट आणि नशेची ओढ ही दुसरी. आपण पहिलीवर उपचार करतो आणि दुसरी बरी झाली असे समजतो.

यापुढचा शोध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भयाच्या आणि ओढीच्या आठवणी जपणारा बदामाच्या आकाराचा एक भाग मेंदूत असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात स्टीव्हन लाव्हिओलेट यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये उंदरांवरचे काम प्रसिद्ध केले. ज्या उंदराने पूर्वी कधी नशा केलेली नाही, त्याच्या अमिग्डालात नशेची आठवण डी-१ कुलपातून लिहिली जाते. पण तोच उंदीर व्यसनाधीन झाला, की काम डी-१ कडून निघून डी-२ कडे जाते. आगगाडीचे सांधे बदलावेत, तसे रूळच बदलतात. अर्थात उंदरावरून माणसाची परीक्षा सरसकट करू नये. परंतु माणसांच्या मेंदूची चित्रे घेतली असता, हेरॉईनच्या आहारी गेलेल्यांत डी-२ कुलपे निरोगी माणसांपेक्षा कमी आढळली आहेत. पहिल्यांदा गर्द ओढणारा मुलगा आणि दोन वर्षांनी ओढणारा तोच मुलगा यांच्या मेंदूतली लिहिण्याची यंत्रणा एकच राहिलेली नसते, इतका बोध तरी घ्यायला हरकत नाही. 'सुरुवात स्वतःच्या इच्छेने केली ना, मग स्वतःच्या इच्छेने सोड,' हा आपला बिनतोड वाटणारा युक्तिवाद इथे तुटतो.

मग आठवण इतकी पक्की असेल, तर सगळाच आनंदीआनंद म्हणायचा का? मुळीच नाही. याच आठवणीची दुसरी बाजू व्हिएतनाम युद्धात दिसली. १९७१ मध्ये अमेरिकी सरकारला धडकी भरली होती, कारण तिथल्या सैनिकांत हेरॉईन बोकाळले होते. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. जवळजवळ पाचवा हिस्सा सैनिक तिथे व्यसनाधीन झाले होते. मायदेशी आल्यावर त्यांच्यापैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झाले ते अवघे पाच टक्के! अनेकांचा या आकड्यांवर विश्वास बसेना. कारणे अनेक असतील. पण एक उघड आहे. ज्या जागेशी, ज्या सोबत्यांशी आणि ज्या भीतीशी नशेची गाठ पडली होती, ती सारी समुद्रापलीकडे राहिली. आपल्याकडे नेमके उलटे होते. आपण मुलाला लांबच्या केंद्रात नेऊन कोरडा करतो आणि त्याच चाळीत, त्याच गल्लीच्या तोंडाशी आणून सोडतो.

आणि तिथे मृत्यू उभा असतो. रोज नशा करणाऱ्याचे शरीर ती पचवायला शिकलेले असते. काही आठवडे कोरडे गेले की ही सवय ओसरते, पण हाताला आठवते ते जुनेच माप. त्यात जागेचाही हात असतो. कॅनडातील शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये हेरॉईनला सरावलेल्या उंदरांना एक मोठी मात्रा टोचली. नेहमीच्या खोलीत टोचलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के मेले; तीच मात्रा अनोळखी खोलीत दिली तेव्हा सुमारे ६४ टक्के. ओळखीची जागा दिसली की शरीर आधीच सावध होऊन तयारीला लागते, अनोळखी जागी ते बेसावध सापडते. माणसांचा अनुभवही याच दिशेचा आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका सर्वसामान्य माणसांच्या १२९ पट निघाला.

तीन महिने कोरडा, नववा दिवस, अनोळखी यार्ड. त्याच्या बाबतीत नेमके काय घडले, ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण आम्ही सगळे निर्धास्त होतो तो आठवडा त्याच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा होता, एवढे मला आज कळते. काकूंना ते कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते, तर त्यांनी त्याला एकटा जिना उतरू दिला नसता.

आठवण पुसून टाकता येईल का, असा प्रयत्नही झाला आहे. चीनमध्ये काही रुग्णालयांनी व्यसनी रुग्णांच्या मेंदूतला ओढीचा भाग शस्त्रक्रियेने जाळून टाकण्याचा सपाटा लावला होता. २००४ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने ते थांबवले, आणि ते योग्यच झाले. जो भाग गर्दची ओढ सांभाळतो, तोच भूक, माया आणि उद्याची उमेदही सांभाळतो. चीनमधूनच २०१२ मध्ये अधिक सौम्य वाट पुढे आली. हेरॉईन सोडलेल्या रुग्णांना नशेची चित्रफीत थोडा वेळ दाखवायची, दहा मिनिटे थांबायचे आणि मग ती दृश्ये नशेविना पुन्हा पुन्हा दाखवायची. आठवण जागी होऊन परत निजण्याआधी तिच्यात फेरफार करण्याची ही युक्ती. सहा महिन्यांनंतरही त्या रुग्णांची ओढ कमी आढळली. ही वाट आशेची असली, तरी घरोघरी पोहोचेल असा उपचार अजून झालेला नाही.

हाती असलेले उपाय मात्र जुने आणि साधे आहेत. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर यांनी १९६५ मध्ये दाखवले, की मेथाडोन हे संथ काम करणारे औषध रोज दिले तर माणूस नोकरीला आणि घराला लागतो. ब्युप्रेनॉर्फिन हे तशाच कामाचे औषध आपल्या देशातही सरकारी केंद्रांतून दिले जाते. ते कुलूप अडवून ठेवते, त्यामुळे ओढ शमते आणि लोंढा येत नाही. 'एक नशा सोडून दुसरी लावली' असा टोमणा घरचेच मारतात आणि औषध बंद पाडतात. मधुमेहाच्या रुग्णाला आपण इन्शुलिनवरून टोमणे मारतो का? अतिमात्रा झालीच, तर नॅलोक्सोन हे औषध मिनिटांत श्वास परत आणू शकते. पण त्यासाठी लपवालपवी न करता १०८ क्रमांकावर फोन करून, काय घेतले ते डॉक्टरांना सांगावे लागते.

दुसरा उपाय म्हणजे पाठपुरावा. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केले, मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी त्याही आधी कृपा फाउंडेशन उभे केले. अशा केंद्रांतून बाहेर पडल्यानंतरच्या भेटीगाठी, कुटुंबाला दिलेले शिक्षण, बरे झालेल्यांचे गट, यांकडे पुष्कळ पालक वरवरची गोष्ट म्हणून पाहतात. खरा उपचार तिथेच सुरू होतो. जुन्या धड्यावर नवा धडा लिहायचा, तर तो रोज, नव्या सोबत आणि नव्या वेळापत्रकात लिहावा लागतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात विकणाऱ्याबरोबर सेवन करणाऱ्यालाही शिक्षा आहे. हेरॉईनसाठी एक वर्षापर्यंत कैद. त्याच कायद्यात ६४-अ हे कलमही आहे. उपचार घ्यायला आपणहून तयार होणाऱ्या व्यसनीला ते खटल्यापासून संरक्षण देते. पहिले कलम सर्वांना ठाऊक आहे, दुसरे फार थोड्यांना. सेवन करणाऱ्याला काही महिने डांबून सोडून देणे म्हणजे त्याची सवय उतरवून, आठवण तशीच ठेवून, त्याला त्या दोन आठवड्यांच्या तोंडी देणे होय. सरकारने २०२० मध्ये नशामुक्त भारत अभियान सुरू केले आणि मदतीसाठी १४४४६ हा क्रमांक दिला. शपथा आणि प्रभातफेऱ्या जरूर व्हाव्यात. पण अभियानाचा हिशेब शपथांच्या संख्येवर न मांडता, केंद्रातून घरी परतलेला मुलगा वर्षभराने कुठे आहे, यावर मांडायला हवा.

यातून व्यसनी माणसाची जबाबदारी संपते, असे मी म्हणत नाही. औषध घेणे, गटाला जाणे, गल्ली बदलणे, हे त्यालाच करायचे आहे. पण ज्याचा पाय मोडला आहे, त्याला आपण 'मनावर घे आणि धाव' म्हणत नाही. काठी देतो, आणि काठी घेऊन चालायची जबाबदारी त्याची, असे म्हणतो.

छत्तीस वर्षे मी मुलांना शिकवले. पाठ पक्का व्हावा म्हणून मी काय काय केले! त्याच गोष्टीने एखाद्याचे आयुष्य कसे पकडून ठेवले आहे, हे माझ्या समोर उभे होते, आणि मी त्याला मनोनिग्रहाचे व्याख्यान दिले. तुमच्या घरी, शेजारी, नात्यात असा कोणी परतला असेल, तर त्याचे वाढलेले वजन पाहून निर्धास्त होऊ नका. पहिले काही आठवडे त्याच्याबरोबर राहा. कोणत्या वस्तूने, कोणत्या वळणावर, कोणत्या वेळी कळ येते, ते त्यालाच विचारा आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवा. ''पोटातून कळच आली'' असे तो म्हणाला, तर ती सबब नसते.